गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर तापतोय? आधी त्याच्या आजूबाजूला बघा

मार्च उजाडला की मुंबईत ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘इन्व्हर्टरला हात लावला तर चटका बसतोय, काही बिघडलंय का?’ दुपारी दोन वाजता त्याच्या मागची अ‍ॅल्युमिनियमची पाती हात टेकवता येणार नाही इतकी तापलेली असतात आणि ते बघून माणूस घाबरतो. खरं तर ती पाती तापण्यासाठीच दिलेली असतात. आतली उष्णता बाहेर येते आहे याची ती खूण. काळजी करायची ती पुढच्या प्रवासाची: पात्यांपर्यंत आलेल्या उष्णतेला तिथून निघून जायला वाट आहे का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी यंत्र नव्हतं, त्याच्याभोवती माणसांनी उभं केलेलं काहीतरी होतं. पेटी, पत्रा, ताडपत्री. एकदोनदा कबुतरांनी.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४च्या फेब्रुवारीत आली. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपयांची सबसिडी आणि सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार, हे आकडे आता सोसायटीच्या प्रत्येक सभेत पाठ झालेत. इन्व्हर्टर कुठे लावायचा, हा विषय मात्र त्या सभेत निघत नाही. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, एवढं ठरतं. इन्व्हर्टर मग कामगाराला ड्रिल मारायला जिथे सोयीचं पडेल त्या भिंतीवर जातो.

आत काय तापतं

पॅनेलमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. घरातला पंखा, फ्रीज, सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालतात एसीवर, जिचा प्रवाह आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तनं घेतो. एकीची दुसरी करायला इन्व्हर्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होतात. प्रत्येक उघड-बंदीत किंचित वीज वाया जाते. आतल्या कॉइलमध्ये आणि तारांमध्येही थोडी जाते. वाया गेलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

चांगल्या इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९७-९८ टक्के असते. ऐकायला हे फार छान वाटतं. पण पाच किलोवॉटच्या यंत्रणेत तीन टक्के म्हणजे दीडशे वॉट. जुन्या काळचे साठ वॉटचे अडीच पिवळे बल्ब एका बंद डब्यात सतत पेटते ठेवले, एवढी ही उष्णता आहे. बाहेर पाऊस पडतो, धूळ उडते, म्हणून डबाही घट्ट बंद असतो. खोक्यावर ‘आयपी ६५’ असं छापलेलं दिसतं, त्याचा अर्थ धूळ आत शिरणार नाही आणि पाण्याच्या फवाऱ्यानेही आतलं भिजणार नाही. मग उष्णतेला एकच मार्ग उरतो. स्विचांच्या पाठीला घट्ट चिकटलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ती शोषून घेतो, आणि त्याला फुटलेली उभी पाती ती हवेला देतात. हवा तापते, हलकी होऊन वर जाते, खालून गार हवा तिची जागा घेते. लहान इन्व्हर्टरमध्ये पंखासुद्धा नसतो. हवेचं हे आपोआप वर सरकणं एवढ्यावरच सगळं चालतं.

म्हणूनच इन्व्हर्टर नेहमी उभा लावतात. आडवा टाकला की पात्यांमधली हवा वर चढू शकत नाही, तिथेच घुटमळते. वर आणि खाली साधारण दीड-दोन फूट मोकळी जागा सोडायला कंपन्या सांगतात, आणि नेमका आकडा प्रत्येक इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेत चित्रासकट दिलेला असतो. ती पुस्तिका बहुधा खोक्यात राहते आणि खोकं रद्दीत जातं. वेंडरकडून तिची पीडीएफ मागून घ्या.

तापलं की तो काय करतो

इन्व्हर्टर मूर्ख नसतो. आतल्या स्विचांजवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो. ठरावीक मर्यादा आली की तो आपणहून वीज कमी बनवायला लागतो. वीज कमी, तोटा कमी, उष्णता कमी. याला डीरेटिंग म्हणतात. आपल्याकडचे टेक्निशियन सरळ ‘डीरेट मारतोय’ म्हणतात. एवढं करूनही तापमान चढतच राहिलं तर तो पूर्ण थांबतो, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी इन्व्हर्टर अधूनमधून बंद पडत असेल, तर तो बिचारा स्वतःला वाचवतोय.

घरगुती इन्व्हर्टरच्या पुस्तिकांमध्ये साधारणपणे असं लिहिलेलं असतं की भोवतालची हवा ४५ अंशांपर्यंत असेल तर पूर्ण क्षमतेने चालेल, त्यापुढे वीज कमी होत जाईल. आता मुंबईकर म्हणेल, मग आम्हाला काय चिंता? सांताक्रूझ वेधशाळेचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश, तोही १४ एप्रिल १९५२चा. नागपूर-चंद्रपूरवाल्यांनी काळजी करावी.

इथेच घोळ होतो. वेधशाळेचं तापमान मोजलं जातं ते सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, चारी बाजूंनी झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, जिच्यातून वारा मोकळा खेळतो. तुमच्या इन्व्हर्टरला ती हवा मिळत नाही. त्याला मिळते ती काळ्या डांबरी वॉटरप्रूफिंगवरून उठलेली, पत्र्याच्या शेडखाली साचलेली, शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटने फुंकलेली हवा. बाहेर ३६ अंश असताना पत्र्याखाली ४८ अंश सहज भरतात. विश्वास बसत नसेल तर एक साधा थर्मामीटर इन्व्हर्टरच्या खाली वीतभर अंतरावर, सावलीत, दुपारभर टांगून ठेवा. शे-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि पुढच्या सगळ्या वादांत तोच आकडा उपयोगी पडतो.

मुंबईच्या उन्हाळ्याची एक गंमत इन्व्हर्टरच्या आलेखातही दिसते. मार्च-एप्रिलमध्ये इथे चांगलं गरम होतं ते खाडीपलीकडून, पूर्वेकडून येणारे कोरडे वारे दुपारपर्यंत टिकले की. समुद्रावरचा वारा अकरा-साडेअकराला सुरू झाला तर दिवस बत्तीस-तेहेतिसात निभावतो. तो दोन वाजेपर्यंत आलाच नाही तर पारा अडतीसच्या पुढे जातो. अशा दिवशी वीजनिर्मिती एक वाजता खचलेली आणि वारा फिरल्यावर पुन्हा वर आलेली दिसली, तर इन्व्हर्टर तापमानाच्या अगदी काठावर चालतोय असं समजा.

अ‍ॅपमधला आलेख वाचायचा कसा

हा भाग जरा सावकाश वाचा. निम्मं निदान इथेच होतं.

बहुतेक इन्व्हर्टरला वायफायची कांडी असते आणि मोबाइलवर दिवसाचा आलेख दिसतो. ढग नसलेल्या दिवशी तो गुळगुळीत घुमटासारखा असायला हवा: सकाळी चढता, साडेबारा-एकच्या सुमारास सर्वात उंच, मग उतरता. त्यात तीन प्रकारचे बदल दिसू शकतात आणि लोक तिन्ही एकात मिसळतात.

घुमटाचा माथा सपाट कापल्यासारखा असेल आणि तो नेमका इन्व्हर्टरच्या क्षमतेवर, म्हणजे पाच किलोवॉटच्या इन्व्हर्टरला बरोबर पाचवर, तर काही बिघडलेलं नाही. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त लावलेली आहेत. सहा-साडेसहा किलोवॉटची पॅनेल पाचच्या इन्व्हर्टरला जोडणं ही सर्रास आणि योग्य पद्धत आहे, कारण पॅनेलची कागदावरची क्षमता त्याचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. उन्हातलं पॅनेल साठ-पासष्टपर्यंत तापतं आणि दर अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का वीज गमावतं. म्हणजे बारा-तेरा टक्के तिथेच गेले.

माथा क्षमतेच्या खालीच बसका असेल, किंवा करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत असेल, आणि हे मुख्यतः दीड ते साडेतीनच्या दरम्यान होत असेल, तर ते तापणं. या वेळेला महत्त्व आहे. ऊन साडेबाराला सर्वात कडक असतं, पण भिंत, पत्रा आणि इन्व्हर्टरचा ठोकळा तापत तापत दीड-दोनपर्यंत पूर्ण भरतात. म्हणून तापण्याची खोट आलेखाच्या उजव्या उतारावर दिसते. अ‍ॅपमध्ये आतलं तापमान बघायची सोय असेल तर तेही शेजारी लावून बघा. साठ-सत्तर अंश बघून घाबरू नका, आतल्या भागांना तेवढं चालतं. तापमान वर जाऊन एका आकड्यावर अडकलंय आणि त्याच क्षणापासून वीज खाली येतेय, असं दिसलं की निदान पक्कं.

तिसरा प्रकार फसवा. आलेख भरदुपारी एकदम शून्यावर पडतो, काही मिनिटांनी परत उठतो, पुन्हा पडतो. लोक म्हणतात, तापून बंद पडला. पण बऱ्याचदा कारण व्होल्टेज असतं. इन्व्हर्टरला वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, ढकलायची तर स्वतःचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा किंचित वर ठेवावं लागतं. गच्चीपासून तळमजल्याच्या मीटररूमपर्यंत लांबलचक आणि बारीक केबल टाकली असेल, तर हा फरक वाढतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. दहा-बारा मजली इमारतीत हे अगदी शक्य आहे. स्क्रीनवर बंद पडायच्या आधी एसी व्होल्टेज २५०च्या पुढे सरकताना दिसलं, तर पंखे लावून, सावली करून काही उपयोग नाही. केबल जाड हवी, किंवा वीज कंपनीकडे, म्हणजे तुम्ही राहता तिथे बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण, तक्रार हवी.

निळी ताडपत्री

चेंबूरमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवरचं संभाषण. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, अंगाची काहिली. टेक्निशियन मुलगा इन्व्हर्टर शोधतोय आणि त्याला दिसते ती सुतळीने आवळलेली निळी ताडपत्री.

‘काका, हे कधीपासून बांधलंय?’

‘अरे, जूनमध्ये. पाऊस काय कमी असतो का? लाख-दीड लाखाचा माल आहे.’

‘आता पाऊस गेला ना, काका.’

‘गेला, पण दिवाळीच्या साफसफाईत काढू म्हटलं.’

ताडपत्री सोडली तेव्हा आतून भपकन गरम हवा तोंडावर आली. खालच्या बाजूला पाणी साचून शेवाळ धरलेलं, पात्यांमध्ये ओलसर धुळीचा थर घट्ट बसलेला. अ‍ॅपवर आतलं तापमान ऐंशीच्या वर होतं. काकांनी चहा सांगितला, आणि तो येईपर्यंत ते दहा-बारा अंश उतरलंसुद्धा.

काकांची काळजी खोटी नव्हती. मुंबईचा पाऊस बघितलेला माणूस विजेची वस्तू उघडी ठेवायला धजत नाही. पण आयपी ६५चा डबा पावसासाठीच बनवलेला असतो. त्याला हवं असेल तर छप्पर द्या, गुंडाळू नका. वरून एक छोटा छज्जा, इन्व्हर्टरपासून दीड-दोन फूट उंच, पुढे थोडा झुकलेला, तिन्ही बाजू मोकळ्या. बस्स.

चोरीच्या भीतीने बनवलेली लोखंडी पेटी हा ताडपत्रीचा मोठा भाऊ. तिचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. अर्ध्या घनमीटरच्या पेटीत जेमतेम सहाशे ग्रॅम हवा मावते. दीडशे वॉट उष्णता तिच्यात सोडली आणि भिंतींतून काहीच बाहेर गेलं नाही असं धरलं, तर दर चार सेकंदांना ती हवा एक अंशाने तापेल. प्रत्यक्षात पत्र्यातून उष्णता जाते म्हणून ती भडकत नाही. पण पेटीला वर-खाली दोन भोकं पाडून भागत नाही, हे यातून कळावं. पेटी हवीच असेल तर पत्र्याऐवजी जाळीची करा. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी, बोट जाईल एवढी. कुलूप हवं तेवढं मोठं लावा.

एका भिंतीवर दोन-तीन इन्व्हर्टर एकाखाली एक लावलेले असतील तर वरच्याला खालच्याची तापलेली हवा मिळते आणि सगळ्यात आधी तोच डीरेट मारतो. शेजारी शेजारी लावा; जागाच नसेल तर निदान तिरपे, पायऱ्यांसारखे.

भिंत कुठली?

पश्चिमेची नको, हे सगळ्यांना कळतं. दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं आणि भिंत रात्री नऊपर्यंत गरम राहते. उत्तरेची चांगली. पण पूर्ण भरवसा तिच्यावरही ठेवू नका. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीलासुद्धा उत्तरेकडे कलतो. एप्रिल-मेच्या सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतंच. म्हणून तिथेही तो छोटा छज्जा हवा.

मुंबईच्या गच्चीवर हमखास मिळणारी चांगली जागा म्हणजे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, टाकीच्या खांबांमधली. सावली दिवसभर, वारा आरपार. फक्त टाकी भरून वाहते तेव्हा धार कुठे पडते ते आधी बघून घ्या. लिफ्टच्या मशीनरूममध्ये लावायचा मोह टाळा, तिथे मोटरची स्वतःची उष्णता असते आणि खिडक्या कायम बंद. तळमजल्याची मीटररूम त्या मानाने थंड असते, पण २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा किती मीटररूम बुडाल्या होत्या ते सखल भागात राहणाऱ्यांना आठवत असेल. कुर्ला, सायन, हिंदमाता परिसरातल्या इमारतींनी तो विचार सोडून द्यावा.

कबुतरांबद्दल वेगळं लिहायला हवं. इन्व्हर्टर आणि भिंत यांच्यामधली चार बोटांची फट, उबदार, सावलीची, त्यांना घरट्यासाठी यापेक्षा चांगलं काही मिळत नाही. काड्या आणि पिसं पात्यांच्या मुळाशी अडकतात, विष्ठा अ‍ॅल्युमिनियम खाते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यावर पांढरी भुकटी धरते. मेट्रोची आणि पुनर्विकासाची धूळ आहेच. दमट हवेत ती उडून जात नाही, चिकटून बसते. पॅनेलच्या कडेने लावतात तीच जाळी इन्व्हर्टरच्या मागच्या फटीलाही लावून घ्या, हवा अडणार नाही एवढ्या मोठ्या भोकांची.

आणि हो, इन्व्हर्टरवर पाणी मारून थंड करणारे लोकही आहेत. कृपया नको. सीलं कितीही चांगली असली तरी तापलेल्या डब्यावर रोज गार पाणी मारलं तर ती लवकर आखडतात. वाळ्याची ओली ताटी लावायची युक्ती विदर्भात चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणी धड वाळतच नाही, नुसता ओलावा वाढतो.

ज्या उष्णतेची खरी भीती धरायची

आतापर्यंत सांगितलेली उष्णता इन्व्हर्टरचं काम मंदावते. आग लावणारी उष्णता वेगळी असते आणि ती एका स्क्रूखाली जन्मते.

पाच किलोवॉट एसीच्या बाजूने बाहेर पडतात तेव्हा तारेतून साधारण बावीस अँपिअर वाहत असतात. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळला नाही, थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता तारेचे सुटे केसच आत कोंबले, किंवा अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टर्मिनलला तशीच जोडली, तर त्या सांध्यात थोडा विरोध तयार होतो. थोडा म्हणजे एक दशांश ओहम धरा. बावीसचा वर्ग गुणिले एक दशांश, अठ्ठेचाळीस वॉट. हरभऱ्याएवढ्या जागेत अठ्ठेचाळीस वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची कथील वितळवणारी सोल्डरिंग इस्त्री पंचवीस वॉटची असते. सांधा तापतो, तापल्याने ढिला होतो, ढिला झाल्याने आणखी तापतो. हे चक्र कोणताही सेन्सर पकडत नाही, कारण सेन्सर इन्व्हर्टरच्या पोटात आहे आणि आग बाहेरच्या डब्यात.

डीसीच्या बाजूचे काळे जोड, ज्यांना सगळे एमसीफोर म्हणतात, ते याहून वाईट. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत टचकन बसतात, पण आतून पूर्ण टेकतातच असं नाही. आणि डीसीची ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्याला शिवतो, त्या क्षणी ठिणगीला मरायची संधी मिळते. डीसीला तो क्षणच नाही, ठिणगी जळत राहते.

त्यामुळे नाक आणि डोळे उघडे ठेवा. जळक्या प्लास्टिकचा वास, डब्याच्या झाकणाजवळ पिवळट-तपकिरी पडलेला डाग, तारेचं आवरण कडक होऊन चकाकणारं, एमसीबी सारखी खाली पडणं, चरचर असा आवाज. यातलं काहीही दिसलं तर आलेख-बिलेख नंतर. आधी बंद करा.

बंद करण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी एसीची एमसीबी, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच. उलटं केलंत तर डीसीचा स्विच पूर्ण भारावर तुटतो आणि ठिणगी तिथेच पडते. एमसीफोर जोड चालू उन्हात हाताने कधीही ओढू नका. आणि दोन्ही स्विच पाडले तरी पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची तार दिवसा जिवंतच असते, सूर्याला स्विच नाही. इन्व्हर्टरच्या पोटातही काही मिनिटं चार्ज राहतो. किती वेळ थांबायचं ते त्याच्या अंगावरच्या पिवळ्या लेबलवर छापलेलं असतं. झाकण तुम्ही उघडायचं नाहीच. जीवाला धोका आहे आणि वॉरंटीही जाते. धूर किंवा ज्वाळा दिसली तर पाणी नको, कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं, तेही लांबून, आणि लगेच १०१. अग्निशमनच्या जवानांना गच्चीवर सोलर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

एवढी धडपड कशाला?

दुपारचे दोन तास पाचऐवजी चार किलोवॉट मिळाले तर दोन युनिटं गेली. महिनाभर असं चाललं तर साठ. वाईट आहे, पण कुणी रडावं असं नाही. खरा तोटा आयुष्याचा आहे. इन्व्हर्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. त्यांच्याबाबत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दहा अंशांनी उतरवलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना पाच हजार तास टिकणारा कपॅसिटर ६५ला चार पायऱ्या खाली, म्हणजे ऐंशी हजार तास टिकेल. ७५ला चाळीस हजार. दिवसाचे दहा तास धरले तर बावीस वर्षं आणि अकरा वर्षं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात. म्हणजे ताडपत्रीचे ते दहा अंश तुम्हाला मधल्यामध्ये एक जादा इन्व्हर्टर विकत घ्यायला लावू शकतात. गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

बॅटरीवाल्या हायब्रिड इन्व्हर्टरचं थोडक्यात. मुंबईत भारनियमन नसल्यासारखंच, त्यामुळे इथे बहुतेकांकडे बिनबॅटरीचाच असतो. ग्रिड गेली की तो सुरक्षेसाठी थांबतो. १२ ऑक्टोबर २०२०ला शहराची वीज गेली तसा दिवस पुन्हा आला तर भर उन्हातही तो गप्प बसेल. हायब्रिड बसवलात तर त्याला बहुधा पंखे असतात, ते खाऱ्या हवेत कुरकुरायला लागतात आणि त्यांच्या जाळ्या महिन्या-दोन महिन्यांनी झाडाव्या लागतात. बॅटरी इन्व्हर्टरच्या डोक्यावर कधीच ठेवू नका.

साफसफाई अवघड नाही. पाऊस संपल्यावर एकदा आणि होळीच्या सुमाराला एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, दोन्ही स्विच पाडून, पात्यांमधून मऊ सुका ब्रश किंवा ब्लोअर फिरवायचा. प्रेशर पंप नको. त्याच वेळी टेक्निशियनकडून सगळे टर्मिनल ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळून घ्या. त्याच्याकडे थर्मल कॅमेरा असेल तर त्याला दुपारी, यंत्रणा जोरात असताना बोलवा. इतरांपेक्षा वेगळा तापलेला स्क्रू त्यात लगेच लालभडक दिसतो.

सूर्यघर योजनेतून बसवलेल्या यंत्रणेची पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी वेंडरवर आहे. तेव्हा यातलं बरंच काम त्याच्याकडून हक्काने करून घेता येतं. फक्त फोन करून ‘इन्व्हर्टर गरम होतोय’ म्हणू नका. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘साहेब, उन्हाळा आहे, होणारच.’ त्याऐवजी चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: स्वच्छ उन्हाच्या एका दिवसाचा आलेख, त्याच दिवशीचा आतल्या तापमानाचा आकडा, इन्व्हर्टरखाली टांगलेल्या थर्मामीटरचा दुपारी दोनचा फोटो, आणि इन्व्हर्टरभोवतीच्या मोकळ्या जागेचा टेप लावलेला फोटो, पुस्तिकेतल्या चित्राशेजारी. भोवतालची हवा चाळिसाच्या आत असूनही वीज घटत असेल तर आतला पंखा (असलाच तर), सेन्सर किंवा ठोकळ्यामागची उष्णता नेणारी पेस्ट यांत खोट आहे आणि ते वॉरंटीचं काम. हवा पन्नासला असेल तर जागा चुकली. ती जागा वेंडरने निवडली होती की सोसायटीने आग्रह धरला होता, हे सभेच्या इतिवृत्तात बघून घ्या, कारण इन्व्हर्टर हलवण्याचा आणि नव्या केबलचा खर्च कोणी करायचा ते त्यावरच ठरणार.